पहिल्या वेताचा पवित्र बोकड

सुज्ञ वाचकहो, पावित्र्य म्हणजे काय, हा मोशेच्या नियमशास्त्रातील अत्यंत गहन प्रश्न असून त्यावर थोरामोठ्यांनी पुष्कळ लिहून ठेवले आहे. प्रस्तुत लेखकाचे शिक्षण मराठी पाचवीपर्यंत झालेले असल्यामुळे त्याने या विषयाला हात घालणे हे धाडसच होय. तथापि या प्रश्नाचे उत्तर मला एका बोकडामुळे मिळाले, आणि ते मिळताना माझी जी फजिती झाली, तिचे साक्षीदार आता एकेक करून कमी होत चालले आहेत. सबब ती संपूर्ण हकिकत, स्वतःची बाजू न सावरता, पुढे सादर करीत आहे.

श्रावणातली सकाळ होती. मी घाण्याला बैल जुंपीत होतो. इतक्यात माझी पत्नी शेगुला कुंपणाशी उभी राहून ओरडली, "अहो, पाठ व्याली! बोकड झाला!"

मी जू तसेच टाकले आणि दोन्ही हात वर करून शेजारच्या अंगणात धावलो. "कोणी हात लावू नका! खबरदार, कोणी हात लावू नका!"

शेजारीण चांगुणाबाय पिल्लाचे अंग पुशीत बसली होती. ती ताडदिशी उठून उभी राहिली. "काय झाला? साप हाय का?"

"साप नाही. चांगुणाबाय, हे पिल्लू आता तुमचं नाही."

"मंग? तुमचा?"

"माझंही नाही. पहिल्या वेताचा नर आहे. तो जन्मतःच पवित्र. ईश्वराचा."

चांगुणाबायने पिल्लाकडे पाहिले. पिल्लू तिच्या लुगड्याचा पदर चोखीत होते. "बरा," ती म्हणाली. "नि देव त्याला नेनार कवा?"

येथे वाचकांना थोडी माहिती देणे अवश्य आहे. आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले यहुदी. कुलाबा जिल्ह्यातील कोलवे या खाडीकाठच्या गावी आमची सात घरे होती. धंदा तेलाचा, शनिवारी घाणा बंद, म्हणून गाव आम्हाला शनवार तेली म्हणे. चांगुणाबाय ही आमची शेजारीण आगरी, विधवा, मिठागरावर कामाला जाणारी. तिची आणि माझी, दोघांचीही ऐपत अर्ध्या शेळीची असल्यामुळे आम्ही बाजारातून एक पाठ, म्हणजे न व्यालेली तरणी शेळी, निमीनिमी घेतली होती. ठराव असा की शेळी बांधायची तिच्या दारी, दूध तिचे, आणि पिल्लांत पाळी: पहिले वेत तिचे, दुसरे माझे.

त्याच सुमारास आमच्या प्रार्थनालयाचे वृद्ध वाचक एलोजीकाका यांची दृष्टी जवळजवळ गेली होती. शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या, दिवशी उभे राहून नियमशास्त्र वाचण्याचा मान त्यांच्यामागून कोणाकडे जावा, हा प्रश्न होता. दावेदार दोघे. एक माझा चुलतभाऊ शिमशोन, ज्याचा आवाज चांगला होता. आणि दुसरा मी, ज्याचा अभ्यास चांगला होता, अशी माझी समजूत होती. रोज दुपारी घाण्याच्या आडव्या लाकडावर बसून, बैल फिरत असता, मी नियमशास्त्राचे वाचन करीत असे. घाण्यावर बसून वाचल्यामुळे ओळ अधूनमधून चुकत असे, हे कबूल केले पाहिजे. पहिल्या वेताच्या नराविषयीची आज्ञा मी नुकतीच वाचली होती: तो परमेश्वराचा; त्याला कामाला जुंपू नये, त्याची लोकर कातरू नये; तो याजकाच्या स्वाधीन करावा. आणि त्याच आठवड्यात ही पाठ व्याली. मला तो ईश्वरी संकेत वाटला.

"कवा नेनार?" चांगुणाबायने पुन्हा विचारले.

"पूर्वी यरुशलेमात मंदिर होतं, तेव्हा तिथं नेत असत."

"आता?"

"आता ते मंदिर पडून एकोणीसशे वर्षं झाली."

"म्हंजे नेनार नाय."

"सध्या नाही."

"नि तवर पाला कोनाचा?"

"माझा," मी म्हणालो. शेगुलाने कुंपणापलीकडे कपाळावर हात मारल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला.

"मंग न्या बाबा," चांगुणाबाय म्हणाली. "देवाचा म्हनता तर देवाचा. मी काय देवाशी भांडू?"

दूध तुटल्यावर बोकड माझ्या दारी आला. शब्बाथच्या प्रार्थनेनंतर मी त्याचे पावित्र्य सर्वांना जाहीर केले. कादोश म्हणजे वेगळे काढलेले, साध्या व्यवहारातून उचलून बाजूला ठेवलेले, हे मी सोदाहरण समजावून सांगितले. वडीलधाऱ्यांनी माना डोलावल्या. एलोजीकाका कोपऱ्यात डोळे मिटून ऐकत होते. शिमशोन कडवट तोंडाने म्हणाला, "आपल्याकडं याजक नाही, मंदिर नाही, वेदी नाही. मग आता ह्याचं करायचं काय?"

"काहीही करायचं नाही. हेच तर पावित्र्य!" मी म्हणालो. त्या दिवशी वाचकाचे आसन माझ्यापासून दोन हातांवर होते.

गणपतीत चांगुणाबायची मुलगी कमळी माहेरी आली, आणि तिच्या मागोमाग सासूचा निरोप आला. वैशाखात कमळीचे लग्न झाले, त्या दिवशी मटण कमी पडले होते. वरमाईच्या, म्हणजे हिरकणबायच्या, ताटात नुसता बटाटा आणि रस्सा आला. हा बटाटा ती विसरली नव्हती. निरोप असा होता: "आमच्या मानसांना पोटभर मटान घाल, मंग पोरीला नेऊ. धुळवडीला येतो. त्या दिशी बटाटा निंगाला तर पोर तुझ्याकडंच ठेव."

"एका बटाट्यासाठी?" शेगुला म्हणाली.

"एका नाय," कमळी रडत म्हणाली. "तीन व्हते. ती अजून मोजते."

कमळीचा नवरा महादू हा गरीब स्वभावाचा मनुष्य. आईपुढे बोलण्याची त्याची छाती नव्हती. पण बायकोवाचून त्याला करमेना. तो दर आठवड्याला सायकलवरून चार कोस माझ्या घाण्यावर तेल घ्यायला येऊ लागला. तेल मोजून होईपर्यंत तो कुंपणाशी उभा राही, आणि पलीकडे कमळी उगीचच भांडी घाशी. त्या वर्षी त्याने जितके तेल नेले तितके एखाद्या लग्नालाही लागत नाही.

"तुझी आई विचारत नाही का, एवढं तेल कशाला?" मी एकदा विचारले.

"इचारते," तो म्हणाला. "मी सांगतंय, सायकलला लागतंय."

आता प्रश्न बोकडाचा आला. दुसरा बोकड आणण्याची चांगुणाबायची ऐपत नव्हती. शेळी पुन्हा व्याली ती माघात, आणि तिला झाल्या दोन पाठी, मांजराएवढ्या. माझ्या दारचा बोकड मात्र पेंड खाऊन असा काही भरला होता की वाटेने जाणारे थांबून पाहत.

चांगुणाबाय एकदा येऊन ओटीवर बसली. "हसाजीभाऊ, एक इचारू? देवाला तुमच्या पाळीच्या ह्या दोन पाठी दिल्या तर नाय चालनार? एकाच्या जागी दोन."

"पवित्र वस्तूची अदलाबदल करता येत नाही. निषिद्ध आहे."

"माजी कमळी घरी बसली हाय, भाऊ."

मला वाईट वाटले, हे मी शपथेवर सांगतो. पण मी तिला म्हणालो, "चांगुणाबाय, कमळीचा प्रश्न एका घराचा आहे. पावित्र्याचा प्रश्न साऱ्या इस्राएलाचा आहे."

"आसंल," ती म्हणाली आणि उठून गेली.  शेगुलाने त्या दिवशी भाकरी जरा लांबूनच वाढली.

नियमशास्त्रात एक सवलत होती. पवित्र जनावराला काही खोट निघाली, डोळा गेला, पाय मोडला, कान फाटला, तर ते वेदीच्या योग्यतेचे राहत नाही, आणि मग ते घरी कापून खाता येते. ही गोष्ट मी शेगुलाला बोलून गेलो, ही माझी चूक झाली. दुसऱ्याच दिवशी मी पाहतो तो बोकड करवंदीच्या जाळीत मान घालून उभा, आणि पलीकडे हिरव्यागार पाल्याचा ढीग.

"शेगुला! हेतुपुरस्सर खोट पाडणं निषिद्ध आहे!"

"मी काय केलं? मी फक्त पाला टाकला."

"काट्यांच्या पलीकडं?"

"जागा कुठं आहे दुसरी? अंगणभर तुमचं पावित्र्य पसरलंय." तिने लेंड्यांकडे बोट दाखविले.

बोकड जाळीतून निघाला तो काट्यांसकट निघाला, पण त्याच्या अंगावर ओरखडा म्हणून नव्हता. मी त्याचे कान उन्हापुढे धरून तपासले. शेगुलानेही तपासले. दोघांची आशा वेगवेगळी होती.

मग फाल्गुनाच्या आरंभी एके सकाळी बोकड लंगडू लागला. बातमी कुंपणापलीकडे गेली. चांगुणाबाय मीठ झटकीत मिठागरावरून धावत आली, शेगुलाने देवाचे नाव घेतले. मीही पाहिले: पुढचा उजवा पाय तो टेकीतच नव्हता. "तीन दिवस वाट पाहू," मी म्हणालो. "खोट कायमची आहे असं ठरलं, तर बोकड तुमचा."

संध्याकाळी बोकड चार पायांवर उड्या मारीत होता.

"कोनी काय केला?" चांगुणाबायने विचारले.

कमळी खाली मान घालून म्हणाली, "खुरात खडा व्हता, आये. मी काढला."

"तू काढलास? तू?"

"तो वरडत व्हता गो."

चांगुणाबायने मुलीकडे पाहिले, बोकडाकडे पाहिले, आणि चूल पेटवायला आत गेली. मला त्याच वेळी काही समजायला हवे होते. पण मी वहीत एवढेच लिहून ठेवले, की अमुक तिथीला खोट आढळली नाही.

इकडे गावात बोकडाचे प्रस्थ वाढत चालले. त्याला कोणी मारीत नसे. वाण्याच्या दुकानात शिरून त्याने गुळाची अर्धी ढेप खाल्ली. वाण्याने हात जोडले. ग्रामपंचायतीच्या फळ्यावरची नोटीस त्याने फाडून खाल्ली; ती घरपट्टीची असल्यामुळे लोकांची श्रद्धा फारच वाढली. बायका त्याच्या कपाळी कुंकू लावू लागल्या, आजारी मुलांचे हात त्याच्या पाठीला टेकवू लागल्या. मी समजावून सांगितले की आमच्या शास्त्राप्रमाणे अपवित्रता स्पर्शाने लागते, पण पावित्र्य तसे स्पर्शाने लागत नाही. कोणी ऐकले नाही. खरे सांगायचे तर लोक माझ्याही पाया पडू लागले होते, आणि मी त्यांना जितक्या जोराने अडवायला हवे तितक्या जोराने अडवीत नव्हतो.

होळीच्या आदल्या शनिवारी, प्रार्थना संपल्यावर, मी एलोजीकाकांच्या घरी गेलो. शिमग्यानंतर वाचक ठरायचा होता. काका झोपाळ्यावर बसले होते. मी म्हणालो, "काका, एका धर्मसंकटात आपला आधार हवा आहे. एक स्त्री पवित्र वस्तूवर हक्क सांगते आहे."

"कोण स्त्री?"

"आमची शेजारीण. चांगुणाबाय."

"आगऱ्याची? तिचा काय संबंध तुझ्या बोकडाशी?"

"तसा शास्त्रदृष्ट्या काही नाही. शेळी आमची निमीनिमी आहे, एवढंच."

झोपाळा थांबला. "काय म्हणालास?"

"निमीनिमी. अर्धी तिची, अर्धी माझी."

काका हसू लागले. प्रथम आवाज न करता, मग आवाज करून, मग खोकत. मी पाणी आणून दिले. पाणी पिऊन ते पुन्हा हसले. "सात महिने!" ते म्हणाले. "सात महिने तू त्या बोकडाला अंगणात देव करून बसवलास!"

"काका, मला उलगडा होत नाही."

"अरे, ज्या शेळीत परधर्मीयाचा वाटा आहे, तिच्या पहिल्या पिल्लाला तो नियम लागतच नाही. हे मला कोचीच्या गुरुजींनी मुंबईत शिकवलं, तेव्हा मी सोळा वर्षांचा होतो. माझा आजा शेळी घेतली की आधी अर्धी शेजाऱ्याला देऊन टाकायचा. का? हौस म्हणून? तुझा बोकड कधी पवित्र नव्हता, हसाजी. जन्मला तेव्हाही नव्हता. साधा बोकड आहे."

 मी झोपाळ्याच्या कडीला धरून उभा राहिलो. "मग आपण आधी का नाही बोललात?"

"तू विचारलंस कुठं? तू सांगत होतास. आणि शेळी अर्धी तिची आहे, हे तू आज सांगतोयस."

"मला ते गैरलागू वाटलं."

"शेजारीण गैरलागू." काकांनी मान हलविली. "बरं, 'पवित्र व्हा' ही आज्ञा कुठं आहे, माहीत आहे?"

"हो. पाठ आहे मला."

"तिच्या पुढचं?"

"पुढं किरकोळ मजकूर आहे. शेतीभातीविषयी."

"फळीवरचं पुस्तक काढ. वाच तो किरकोळ मजकूर."

मी वाचू लागलो. शेताची कापणी करताना कोपरे पुरते कापू नयेत, ते गरिबासाठी राहू द्यावेत. बहिऱ्याला शिव्या देऊ नयेत. आंधळ्याच्या वाटेत धोंडा ठेवू नये. मजुराची मजुरी दुसऱ्या दिवसापर्यंत आपल्याजवळ ठेवू नये. माप खरे असावे. शेजाऱ्याचे...

"थांबलास का?"

"अक्षर बारीक आहे, काका."

"आंधळा मी आहे की तू? वाच."

मी वाचले. शेजाऱ्याचे अडकवून ठेवू नये, असे ते होते.

"पवित्र व्हा म्हणून सांगितलं, आणि लगेच हे सगळं सांगितलं," काका म्हणाले. "मध्ये बोकड आहे कुठं?"

"नाही."

"तू सात महिने त्याची दोरी धरून बसलास. त्याच्यापासून तुला काय लागलं?"

मी विचार करून प्रामाणिकपणे सांगितले, "पिसवा, काका."

काकांनी झोपाळ्याला पाय दिला. "जिचा बोकड तिला दे. जा."

मी दाराशी जाऊन परत वळलो. "आणि काका, वाचकाची जागा?"

"तुला आता तेच सुचतंय?"

मी गेलो.

परंतु काम इतके सोपे नव्हते. होळीच्या सकाळी मी बोकड घेऊन चांगुणाबायच्या अंगणात उभा राहिलो आणि सर्व सांगितले, तर ती दोन पावले मागे सरली. "नको बाबा. सारा गाव ज्याच्या पाया पडला, तो मी कापू? उद्या पोरीचा काय वाईट झाला तर लोक काय बोलतील? बोलतील, देवाचा खाल्ला."

"पण तो देवाचा नव्हताच!"

"मना सांगून काय उपेग? तुमी गावाला सांगितलात ना, तो देवाचा हाय म्हनून? मंग तुमीच गावाला सांगा, नाय म्हनून."

"सगळ्या गावाला?"

"उद्या दुपारी हिरकनबाय येनार," ती म्हणाली. कमळी दारात उभी होती. तिने पितळी डबा, दोन लुगडी आणि आरसा बांधून गाठोडे तयार ठेवले होते; आदल्या रात्रीच, बोकडाचे काही ठरलेले नसताना.

दुपारी होळीच्या माळावर लाकडे रचली जात होती. सारा गाव तेथे होता. आमच्यापैकीही चारपाच जण शिमशोनसह गंमत पाहायला आले होते. मी बोकडाची दोरी हातात धरून एका दगडावर चढलो. घरून मी मजकूर लिहून आणला होता, तो वाचला. "ग्रामस्थहो! नियमशास्त्राच्या अर्थनिर्णयात प्रस्तुत वक्त्याकडून जो प्रमाद घडला, त्यामुळे या प्राण्याच्या ठायी जे पावित्र्य आरोपिले गेले, ते आजपासून संपुष्टात येत असून..."

"काय म्हनतंय तेली?" मागून कोणी विचारले.

"बोकड वारला वाटतं."

"वारला? मंग तो पाला खातोय तो कोन?"

एक म्हातारी डोळ्यांना पदर लावून रडू लागली. मी कागद खिशात घातला.  शिमशोन अगदी पुढे उभा होता.

"बोकड मेला नाही!" मी ओरडलो. "बोकड पवित्र नाही. कधीच नव्हता. मी पुस्तक पुरतं वाचलं नव्हतं, तरी तुम्हाला शिकवत बसलो. हा बोकड चांगुणाबायचा आहे. पहिलं वेत तिचं, असा आमचा बोल होता. मी तिचा बोकड सात महिने अडकवून ठेवला. चूक माझी आहे. तो कापला तर कोणाला काही पाप लागणार नाही. लागलंच तर मला लागेल."

 वाणी म्हणाला, "आनि माझा गूळ?"

एकच हशा पिकला. आणि तो दिवस होळीचा होता हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. वर्षातून त्या एका दिवशी कोणाच्याही नावाने बोंब मारण्याची गावाला मोकळीक असते, आणि नाव शोधावे लागू नये अशी वेळ क्वचितच येते. एकाने तोंडावर हात घेतला, दुसऱ्याने घेतला, आणि "शनवार तेल्याच्या बोकडाच्या नावानं" जी बोंब उठली ती खाडीपलीकडच्या गावात ऐकू गेली, असे नंतर सांगण्यात आले. मी दगडावरून उतरलो नाही. पळून गेलो असतो तर ती बोंब चांगुणाबायच्या दारापर्यंत गेली असती. सगळ्यांचे घसे बसले तेव्हा मी उतरलो आणि दोरी तिच्या हातात दिली.

बोकडाने माझ्याकडे वळूनही पाहिले नाही. त्याला तिच्या पदराची सवय जन्मापासूनची होती.

शिमशोन माझ्याजवळ आला. मला वाटले, आता हा टोमणा मारणार. तो म्हणाला, "निमीनिमीची गोष्ट मलाही ठाऊक नव्हती." मग म्हणाला, "पण मी असतो तर दगडावर चढलो नसतो." पुढच्या शनिवारी त्याची वाचक म्हणून निवड झाली. त्याचा आवाज खरोखर चांगला आहे.

धुळवडीच्या दुपारी हिरकणबाय सात माणसे घेऊन आली. ती ठेंगणी, रुंद, आणि बोलताना समोरच्याच्या ताटाकडे पाहणारी होती. महादू तिच्या मागे उभा होता आणि कमळीकडे पाहत नव्हता, म्हणजे किती पाहत होता हे सर्वांना कळत होते. पंगत अंगणात बसली. मला व शेगुलाला आग्रहाने बोलावणे होते. आमच्या पद्धतीने न कापलेले मटण आम्हाला चालत नाही, आणि त्याच पौर्णिमेला आमच्याही सणाचा दिवस असतो. म्हणून शेगुलाने घरून पुरणपोळ्या करून आणल्या होत्या. थोड्या आम्ही पंगतीला दिल्या आणि बाकीच्या घेऊन ओटीवर वेगळे बसलो.

हिरकणबायने पहिला घास घेतला. सारे अंगण थांबले. चांगुणाबायच्या हातातली पळी हवेत राहिली.

हिरकणबायने रश्श्यात बोट फिरवून तळ तपासला. बटाटा नव्हता. तिने दुसरा घास घेतला, नळी उचलून ताटावर ठोकली, चोखली. "मटान बरा हाय," ती म्हणाली. "चरबी जाम हाय. लय लाडाचा दिसतोय."

"व्हता," चांगुणाबाय म्हणाली.

"वाढ अजून." आणि मग, जणू काही विशेष नाही अशा सुरात, मान न वळविता ती सुनेला म्हणाली, "कमळे, दिस बुडायच्या आत निंगू. म्हैस तुझ्याबिगर पानवत नाय."

कमळी आत पळाली. महादू ताटावरून अर्धा उठला, मग आईची नजर पाहून पुन्हा बसला.

तीनदा वाढून झाल्यावर हिरकणबायची दृष्टी ओटीकडे गेली. "ती दोगं तिकडं काय करतात? मटान नाय घेत?"

"त्यांचा नेम हाय," चांगुणाबायने सांगितले. "त्यांच्या रीतीनं कापल्याबिगर खात नाय."

"बोकड तर त्यांनीच पोसला, आयकला मी. सात म्हैने. पोसला त्यांनी, नि खाल्ला आमी?" हिरकणबायने हातातले हाड खाली ठेवले आणि माझ्याकडे जरा आदराने पाहिले. आवाज खाली आणून तिने विचारले, "काय गो, साधुपुरुस हाय का कोन?"

चांगुणाबायने माझ्याकडे पाहिले. माझ्या तोंडात पुरणपोळी होती.

"नाय गो," ती म्हणाली. "शेजारी हाय." आणि पळी घेऊन ती पुढच्या ताटाकडे गेली.

एका बोकडाच्या हकिकतीसाठी आपण आपला वेळ मोडलात, याबद्दल समस्त वाचकांचा मनःपूर्वक ऋणी,

हसकेल ऊर्फ हसाजी आबाजी कोलवेकर
(पूर्वीचा मुक्काम कोलवे, हल्ली ठाणे)